घोड्याचं रक्त कधी काढायचं: शर्यतीच्या आणि लांब पल्ल्याच्या घोड्यांची रक्ततपासणी, टप्प्याटप्प्याने

"डॉक्टर, रिपोर्ट फर्स्टक्लास आलाय. हिमोग्लोबिन सोळा! उतरवू ना शर्यतीला?"

अलिबागपासून मुरूडपर्यंत कुठूनही असा फोन आला की मी आधी एवढंच विचारतो, रक्त किती वाजता काढलं? बहुतेक वेळा उत्तर येतं, "आत्ताच किनाऱ्यावरून फिरवून आणला होता, म्हटलं तेवढ्यात काढून घेऊ." मग तो रिपोर्ट बाजूला ठेवावा लागतो. पैसे गेले, घोड्याला सुई टोचली, आणि हाती आली ती अर्ध्या तासापूर्वीच्या धावेची नोंद. घोड्याच्या तब्येतीबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

व्यायामाने घोड्याच्या रक्तातले आकडे जितके हलतात तितके क्वचितच दुसऱ्या पाळीव जनावरात हलतात. शिवाय प्रत्येक आकड्याचं वेळापत्रक वेगळं. काही अर्ध्या मिनिटात चढतात, काही सहा तासांनी, काही दुसऱ्या दिवशी. ते न पाळता रक्त काढलं की चांगला घोडा आजारी दिसतो आणि आजारी घोडा चांगला. दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण तो घोडा मग शर्यतीत उतरवला जातो.

टप्पा १: आधी प्रश्न ठरवा

रक्ताला एका वेळी एकच प्रश्न विचारता येतो. तुमचा कोणता आहे ते आधी ठरवा.

१. घोडा मुळात निरोगी आहे का? त्यासाठी पूर्ण विश्रांतीतला, सकाळचा नमुना.
२. दम वाढतोय का? त्यासाठी लॅक्टेट (जोराच्या कामात स्नायू रक्तात सोडतात ते द्रव्य), धाव थांबल्यापासून २ ते ५ मिनिटांच्या आत.
३. स्नायूंना इजा झाली का? त्यासाठी सीपीके आणि एसजीओटी, स्नायू दुखावले की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम: पहिलं ४ ते ६ तासांनी, दुसरं २४ तासांनी.
४. घामातून पाणी आणि क्षार किती गेले? त्यासाठी लांब रपेटीनंतर, साधारण अर्ध्या तासाने.

"एकाच सुईत सगळं होईल ना?" असं हमखास विचारलं जातं. होत नाही. धाव संपल्याबरोबर काढलेल्या रक्तात सीपीके अजून चढलेलंच नसतं, आणि सहा तासांनी काढलेल्या रक्तातून लॅक्टेट कधीच निघून गेलेलं असतं.

सावधान: मानेच्या शिरेतून रक्त काढायचं काम पशुवैद्यकाचंच. शिरेच्या मागेच धमनी असते. शेजारच्या तबेल्यातला कोणी "मला येतं" म्हणाला तरी त्याच्या हातात सुई देऊ नका.

टप्पा २: आदल्या दिवशीची तयारी

तयारी नीट झाली तर पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत, म्हणून इथे घाई नको.

दिवस निवडा. आपल्याकडचे बरेच घोडे शनिवार-रविवार पर्यटकांचं काम करतात. रविवारच्या कामाचं सीपीके उतरायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून विश्रांतीचा नमुना बुधवारी सकाळी घ्या. लॅबही त्या दिवशी उघडी असते आणि नमुना मुंबईला पाठवायचा तर लाँचला गर्दी नसते.

लॅबला फोन करा. नमुना घोड्याचा आहे हे सांगा आणि मशीनवर घोड्याचं सेटिंग आहे का ते विचारा. आपली तांबडी पेशी ८० ते १०० फेम्टोलिटरची, घोड्याची साधारण ३७ ते ५८. माणसाच्या सेटिंगवर चालवलेल्या मशीनची मोजणी त्यामुळे चुकू शकते. पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के, हे काचेची बारीक नळी फिरवून हाताने काढून द्यायला सांगा. ही जुनी पद्धत आहे, पण घोड्यासाठी मी तिच्यावरच जास्त विश्वास ठेवतो.

नळ्या मांडून ठेवा. पेशींसाठी जांभळ्या झाकणाची, सीपीके, एसजीओटी आणि क्रिएटिनिनसाठी (हा मूत्रपिंडाचा आकडा) लाल झाकणाची, लॅक्टेट लॅबकडून करायचं असेल तर राखाडी झाकणाची. नावं आणि वेळेची जागा असलेल्या चिठ्ठ्या आदल्या रात्रीच चिकटवा. ओल्या नळीवर पेन चालत नाही.

बर्फाचा डबा. बर्फ वर्तमानपत्रात गुंडाळा. नळी बर्फाला थेट टेकली तर पेशी गोठून फुटतात.

भरती-ओहोटी पाहा. व्यायामाची चाचणी ओहोटीच्या ओल्या, कडक वाळूवर करायची असते. पाणी वर असताना उरते ती पुळणीची भुसभुशीत वाळू. तिथे त्याच वेगाला घोड्याला कितीतरी जास्त कष्ट पडतात.

तपासून पाहा: वहीत हे रकाने आखले का? तारीख, शेवटची चंदी किती वाजता, रक्त किती वाजता, काम थांबून किती वेळ झाला, नाडी, वाळू कोरडी की ओली, हवा दमट की वाऱ्याची. यातला "काम थांबून किती वेळ" हा रकाना रिकामा असेल तर बाकीचे भरून फारसा उपयोग नाही.

टप्पा ३: विश्रांतीचा नमुना

घोड्याच्या पोटात डाव्या बाजूला प्लीहा असते, आपली जुनी माणसं पानथरी म्हणतात ती. घोडा शांत असताना त्याच्या तांबड्या पेशींचा मोठा साठा, एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त, तिथे राखीव पडून असतो. घोडा दचकला, उधळला, धावला की पानथरी आकसते आणि तो साठा रक्तात ओतते. विश्रांतीत ४० असलेलं पीसीव्ही पूर्ण वेगाच्या धावेत ६० च्या वर जातं. निसर्गाने घोड्याला दिलेली ही ताकद आहे, पण रिपोर्ट वाचणाऱ्याची फसगत तिच्यामुळेच होते.

नागावच्या एका वाडीतली घोडी आठवते. सुपारीच्या खोडाला बांधलेली, अंगावर चकाकी नाही, काम करताना लवकर थकते अशी तक्रार. मी शिरेवर बोट ठेवलं आणि रस्त्यावर वरातीचे फटाके सुटले. घोडी दोन पायांवर. मोतद्दाराने कशीबशी धरली, आम्ही रक्त काढलं. पीसीव्ही ३९ आलं. मालक खूश झाला. मला तिच्या फिक्या हिरड्या दिसत होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधारातच, तिच्या ओळखीच्या मोतद्दाराला घेऊन पुन्हा गेलो. ती वैरण चघळत उभी होती. तेच रक्त, पीसीव्ही २६. काचपट्टीवर रक्त पसरून पाहिलं तर तांबड्या पेशींत गोचिडांमुळे होणाऱ्या पायरोप्लाझ्मोसिसचे परजीवी. आदल्या दिवशीच्या आकड्यावर थांबलो असतो तर ती घोडी त्याच आठवड्यात गाडीला जुंपली गेली असती.

क्रम असा ठेवा:

१. आदल्या दिवशी जोराचं काम नाही.
२. सकाळी, चंदीच्या आधी. वैरण चालेल.
३. घोडा त्याच्या जागेवरच असावा, बाहेर काढू नये. खरारा करणारा रोजचाच माणूस मोहरकी धरेल.
४. आधी नाडी मोजा. निरोगी घोड्याची विश्रांतीतली नाडी मिनिटाला २८ ते ४४. त्याच्या वर असेल तर सुई खाली ठेवा आणि थांबा. आकसलेली पानथरी पूर्ववत व्हायला तासभर लागतो, जोराच्या धावेनंतर दोन तासही.
५. पहिल्या सुईत शीर मिळाली नाही आणि घोडा बिथरला, तर त्या दिवशी नाद सोडा.

शर्यतीतून निवृत्त होऊन किनाऱ्यावर आलेल्या थरोब्रेडचं विश्रांतीतलं पीसीव्ही साधारण ३५ ते ४५ असतं. तट्टांचं ३० च्या आसपास असलं तरी ते निरोगी असू शकतात. म्हणून शेजाऱ्याच्या घोड्याशी तुलना नको.

सावधान: पीसीव्ही थोडं कमी आलं की लगेच लोहाचं इंजेक्शन मागणारे मालक भेटतात. मोठ्या घोड्यात लोहाची कमतरता क्वचितच असते, आणि लोहाच्या इंजेक्शनने घोडा जागच्या जागी कोसळून मेल्याची उदाहरणं आहेत. आधी कारण शोधा: गोचीड, जंत, सर्रा (माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवींचा आजार), पोटातले व्रण.

टप्पा ४: नळी लॅबपर्यंत नीट पोचवा

घोड्याच्या तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. नळी डब्यात उभी ठेवा आणि दहा मिनिटांनी पाहा: खाली गडद लाल थर, वर पिवळं पाणी. लॅबमध्ये नळी न हलवता वरचंच रक्त ओढलं तर पीसीव्ही खोटं कमी येतं, तळाचं ओढलं तर खोटं जास्त. जांभळ्या झाकणाची नळी रक्त भरल्याबरोबर आठ-दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करा, आणि लॅबमध्ये मोजणीच्या आधीही तसंच करायला सांगा. जोरात हलवायची नाही, पेशी फुटतात.

लाल झाकणाच्या नळीला गुठळी व्हायला सावलीत अर्धा-एक तास द्या, मग रक्तरस वेगळा करून घ्या, आणि त्यानंतरच थंडाव्यात ठेवा. हे अलिबागलाच करून घ्यायचं. एकदा मुरूडहून एसटीने आणि पुढे मांडव्याहून लाँचने, भर मे महिन्यात, न फिरवलेली नळी मुंबईला गेली. संध्याकाळी लॅबचा फोन आला, पोटॅशियम धोक्याच्या वर, घोडा जिवंत आहे का? घोडा निवांत कडबा खात होता. रक्तरस लालसर झालेला होता, म्हणजे पेशी वाटेतच फुटल्या होत्या आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलं होतं. फुटलेल्या पेशींनी एसजीओटीही वाढतं. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात तेव्हा नमुना आणखी उशिरा पोचतो, हेही हिशोबात धरा.

तपासून पाहा: रक्तरसाचा रंग कसा आहे? गवती पिवळा असेल तर ठीक. घोड्याचा रक्तरस मुळातच माणसापेक्षा पिवळा असतो, आणि उपाशी घोड्याचं बिलिरुबिन आणखी वाढतं. माणसांच्या लॅबने "कावीळ आहे" म्हणून कळवलं तर घाबरू नका, आधी डॉक्टरला दाखवा. गुलाबी किंवा लाल असेल तर नमुना पुन्हा घ्यायचा. सीपीके खूप वाढलेलं असेल तर मात्र लाल रंग पाहून घोड्याची लघवीही तपासा.

टप्पा ५: लॅक्टेट, दम मोजण्याची चाचणी

स्नायूंना प्राणवायू पुरेनासा होतो तसं रक्तातलं लॅक्टेट वाढतं. विश्रांतीत ते १ च्या आसपास किंवा खाली असतं, पूर्ण ताकदीच्या धावेनंतर २० च्याही वर जातं. मधली ४ मिलिमोलची खूण महत्त्वाची. ज्या वेगाला घोडा ४ ओलांडतो, त्या वेगावर तो फार वेळ टिकत नाही.

१. ओहोटीला, ओल्या वाळूवर १००० मीटर मोजून दोन काठ्या रोवा.
२. १५ ते २० मिनिटं चाल आणि दुडकी.
३. पहिली धाव मध्यम वेगाने, घड्याळ लावून. थांबल्यापासून २ ते ५ मिनिटांत रक्त. दर वेळी तेच मिनिट धरा: आज दुसरं असेल तर पुढच्या महिन्यातही दुसरंच.
४. दहा मिनिटं चालवून दुसरी धाव, थोड्या जास्त वेगाने. पुन्हा रक्त.
५. हाताच्या लॅक्टेट मीटरवर तिथल्या तिथे मोजा. मीटर नसेल तर राखाडी नळी लगेच बर्फाच्या डब्यात. साध्या नळीत तांबड्या पेशी लॅक्टेट बनवतच राहतात आणि आकडा वाढत जातो.

चार आठवड्यांच्या सरावानंतर हीच चाचणी करा. त्याच वेगाला लॅक्टेट कमी आलं तर दम वाढलाय. तेवढंच राहिलं तर सराव कमी पडतोय. वाढलं तर घोड्यात काहीतरी बिघडलंय: पाय, श्वास किंवा तब्येत. लांब पल्ल्याच्या घोड्याने आपल्या नेहमीच्या वेगात ४ च्या बऱ्याच खाली राहायला हवं.

सगळ्यात जास्त चूक होते ती वाळूची. पहिली चाचणी अक्षीला ओहोटीला, दुसरी भरतीला वरच्या कोरड्या वाळूवर, आणि मग "घोडा मागे पडलाय" अशी तक्रार.

टप्पा ६: स्नायूंचे दोन आकडे

सीपीके स्नायूंतून बाहेर पडतं, ४ ते ६ तासांत शिखर गाठतं आणि इजा थांबली की एक-दोन दिवसांत उतरतं. एसजीओटी, ज्याला एएसटीही म्हणतात, सावकाश चढतं, २४ तासांच्या पुढे शिखर गाठतं आणि उतरायला आठवडे घेतं. दोन्ही एकत्र वाचा:

- सीपीके वाढलेलं, एसजीओटी ठीक: इजा ताजी आहे.
- दोन्ही वाढलेले: इजा चालू आहे. कामाला सुट्टी.
- सीपीके ठीक, एसजीओटी वाढलेलं: इजा काही दिवसांपूर्वीची आहे, किंवा यकृताचा प्रश्न आहे. त्यासाठी यकृताची जीजीटी ही चाचणी करा.

नुसत्या व्यायामानेही सीपीके थोडं वाढतं. लांब पल्ल्याच्या रपेटीनंतर ते हजाराच्या वर गेलेलं आणि घोडा मात्र ठणठणीत, असंही दिसतं. दहा हजारांच्या घरात किंवा त्याच्या पुढे गेलं आणि घोडा आखडून चालतोय, तर तो स्नायू जखडण्याचा आजार आहे.

आपल्या किनाऱ्यावर हा आजार शनिवारी दिसतो. सोमवार ते शुक्रवार घोडा उभा, चंदी मात्र पूर्ण, कधी हौसेने गूळही जास्त. शनिवारी सकाळी पर्यटकांची रांग लागते आणि घोडा एकदम कामाला जुंपला जातो. दुपारपर्यंत पुठ्ठे लाकडासारखे कडक. सुट्टीच्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी करा, वैरण वाढवा, आणि रोज अर्धा तास तरी हाताने फिरवा.

सावधान: घोड्याचे पुठ्ठे कडक झाले, घाम सुटला, लघवी कॉफीसारखी झाली, तर त्याला एक पाऊलही चालवू नका. "चालवला की मोकळा होईल" हा समज घातक आहे. जागेवरच सावली करा, पाणी द्या, डॉक्टरला बोलवा. वेदनाशामक इंजेक्शन स्वतःच्या मनाने देऊ नका. स्नायूंतला रंगद्रव्याचा गाळ मूत्रपिंडात जातोय, त्यात शरीरात पाणी कमी, आणि वरून ते औषध: मूत्रपिंड निकामी व्हायला एवढं पुरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन तपासायलाच हवं.

टप्पा ७: घाम, मीठ आणि कोकणातली हवा

आपल्या दमट हवेत घाम अंगावरून नुसता गळतो. तो वाळत नाही, म्हणून घोडा थंड होत नाही, आणि तो आणखी घाम गाळत राहतो. जोराच्या उन्हाळी कामात तासाला १० लिटर, कधी त्याहूनही जास्त घाम जातो. घोड्याचा घाम माणसापेक्षा खूप खारट. लिटरमागे साधारण १० ग्रॅम क्षार, त्यात सर्वात जास्त क्लोराइड, मग सोडियम, मग पोटॅशियम.

पाण्याबरोबर मीठही तेवढंच गेल्याने रक्त खारट होत नाही, आणि रक्त खारट झाल्याशिवाय घोड्याला तहान लागत नाही. "पाणी समोर ठेवलं, पीत नाही, म्हणजे तहान नाही" असं समजून घोडेवाले फसतात ते यामुळे.

अर्ध्या तासाने काढलेल्या नमुन्यात हे पाहा:

१. पीसीव्ही आणि एकूण प्रथिनं एकत्र. पीसीव्ही एकटंच वाढलं तर पानथरी. दोन्ही वाढली, प्रथिनं ७.५ ग्रॅमच्या वर सरकली, तर पाणी कमी झालंय.
२. क्लोराइड. लांब रपेटीत सगळ्यात आधी हेच खाली येतं.
३. कॅल्शियम. हे आणि पोटॅशियम घसरलं की हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी घोड्याची कूस उडते, उचकी लागल्यासारखी. हाताने कळतं. असं दिसलं तर काम तिथेच थांबवा. नुसत्या भाताच्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्यांकडे जास्त लक्ष द्या. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार कमी.
४. पांढऱ्या पेशी. लांब कामानंतर काही तास न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट उतरतात. हा कष्टाचा परिणाम आहे. एवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करू नका. ताप असेल तर एसएए ही शरीरातला दाह दाखवणारी चाचणी वेगळी करून घ्या.

उपाय साधा आहे. काम संपल्याबरोबर पहिली बादली मीठ घातलेल्या पाण्याची, लिटरला ९ ग्रॅम. दुसरी साध्या पाण्याची. पहिली बादली तहान जागी ठेवते, म्हणून घोडा दुसरीही पितो. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये हा समज सोडून द्या, आणि अंगावर गार पाणी ओतत राहा. क्षारांची पेस्ट पाण्याशिवाय तोंडात भरायची नाही, ती शरीरातलंच पाणी आतड्यात ओढते. समुद्रात उभा करून पाय गार करायला हरकत नाही, पण ते पाणी पिऊ देऊ नका.

तपासून पाहा: काम थांबून अर्धा तास झाला. नाडी ६० च्या खाली आली का? आली नसेल तर रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टरला बोलवा.

टप्पा ८: पावसाळ्यानंतर वही पुन्हा उघडा

जून ते ऑगस्ट घोडे उभे असतात आणि माश्या भरपूर. सर्रा याच माश्या पसरवतात. म्हणून सप्टेंबरमध्ये काम सुरू करण्याआधी विश्रांतीचा एक नमुना घ्या आणि काचपट्टी बघून घ्या. हाच त्या घोड्याचा वर्षभराचा पाया. ऑक्टोबरमध्ये पहिली लॅक्टेट चाचणी, मग दर चार आठवड्यांनी. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात विश्रांतीचा आणखी एक नमुना. छापील रिपोर्टवरच्या मर्यादा बहुधा दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या हवेतल्या घोड्यांच्या असतात. सप्टेंबरचं पान शेजारी ठेवून वाचा. फोन करताना वहीचा फोटोही पाठवा, "काम थांबून किती वेळ" या रकान्यासकट.